मास्टर टेपचा माग

कळसाडी गावातच काय, साऱ्या खानदेशात एके काळी रेकॉर्ड ऐकू यायची ती लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यावरून. जड पिकअप, झिजलेली सुई, उन्हात तापलेली तबकडी. त्या काळातली स्वच्छ प्रत आज जुन्या बाजारात मिळणं म्हणजे नशीबच. म्हणून मूळ टेपवरून निगुतीने पुन्हा छापलेल्या तबकड्यांचं आकर्षण आपल्याकडे जास्त असायला हवं होतं. पण हा नाद वाढला अमेरिकेत.

१९७७मध्ये तिथे मोबाइल फिडेलिटी ही कंपनी सुरू झाली. टेप आणि खोबणी कोरणारं यंत्र, दोन्ही निम्म्या वेगाने चालवायची. वरच्या पट्टीतले बारकावे कोरायला दुप्पट सवड मिळते. छपाई जपानमध्ये, जेव्हीसीकडे. पुढे सीडी आली, आपल्याकडे एलपी छापणंच थांबलं, तरी तिकडचे शौकीन हटले नाहीत. २०१९मध्ये ब्लू नोट या जॅझ कंपनीची टोन पोएट मालिका आली. तिच्यातली तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात ती कोरणाऱ्या केविन ग्रेची आद्याक्षरं दिसतात. कारागिराने सही करावी तशी.

भारतीय संगीताच्या वाट्याला हे भाग्य आलं ते परदेशातूनच. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा १९९३चा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ कॅलिफोर्नियातल्या एका चॅपेलमध्ये मुद्रित झाला, ग्रॅमी मिळवून गेला आणि पुढे अनॅलॉग प्रॉडक्शन्सने तो ४५च्या गतीवर दोन तबकड्यांत काढला. मोहनवीणेची तार छेडल्यावर तिची आस विरेपर्यंत ऐकायची असेल, तर हाच संच घ्यावा.

२०२२मध्ये मात्र भांडं फुटलं. मोबाइल फिडेलिटीने ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती जाहीर केल्या आणि जाणकारांनी हिशेब मांडला: इतक्या प्रतींसाठी मूळ टेप कितीदा फिरवणार? उत्तर निघालं की मधे डिजिटल टप्पा होता, आणि तोही कित्येक वर्षं. प्रकरण कोर्टात गेलं. गंमत अशी की त्याच तबकड्यांच्या ‘शुद्ध अनॅलॉग’ गोडव्याची वर्णनं करून लोक थकले नव्हते! मला यात कानांचा दोष दिसत नाही. आवाज उत्तमच होता. लपवली गेली ती जन्मकथा.

आपलं दुखणं तेच, फक्त उलट्या बाजूने. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मंडळी मुंबईत १९९०पासून जुन्या मुद्रणांच्या नोंदी ठेवत आली. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६मध्ये बंद झालं, तरी एलपी विकत घेणारे पुन्हा वाढले. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या, ख्यालगायनाच्या नव्या आवृत्त्या दुकानांत दिसू लागल्या. कव्हर देखणं, वजन १८० ग्रॅम. पण मूळ टेप कुठली, ती कुणी हाताळली, याचा बहुतेकींवर पत्ता नाही. तीन-चार हजार मोजणाऱ्याला एवढं विचारायचा हक्क आहे. तोवर माझे पैसे चोर बाजारातल्या, थोड्या खरखरणाऱ्या एचएमव्हीलाच जातात.