जुना लॅपटॉप, नवी प्रणाली आणि अडकलेली मराठी पाने

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल थांबवली. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. तेव्हापासून गुलमंडीतल्या माझ्या घरी येणारे लिहिते मित्र एकच प्रश्न विचारतात : लॅपटॉप चांगला चालतो आहे, पण विंडोज ११ त्याला नाकारते, आता तो भंगारात द्यायचा का? मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. जुन्या नियतकालिकांच्या मजकुरावर काम करताना जे वाचले आणि करून पाहिले, त्यावरून हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे, असे माझे मत झाले आहे.

‘चालत नाही’ या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात : यंत्राला जमत नाही, आणि यंत्राला परवानगी नाही. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ च्या मुख्य अटी अशा : ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट, टीपीएम २.० आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत ही मान्यता, मोजके अपवाद सोडले तर, २०१७ च्या आठव्या पिढीपासून सुरू होते. टीपीएम म्हणजे कुलूपबंद डिस्कच्या सांकेतिक किल्ल्या जपणारी व्यवस्था. ती मागण्यामागे सुरक्षेचे कारण आहे आणि ते खोटे नाही. पण चौथ्या किंवा सहाव्या पिढीच्या प्रोसेसरला ही प्रणाली पेलत नाही, असे मात्र नाही. तिथे अडते ते परवानगीपाशी.

खरी असमर्थता वेगळी. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे. शिवाय तिच्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ हा आज्ञासंच लागतो. इंटेलमध्ये तो २००८ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या कोअर आय पिढीपासून मिळतो. त्यामुळे कोअर टू डुओच्या यंत्रावर कोणतीही युक्ती चालत नाही.

अटींची तपासणी वगळण्याचा पर्याय रुफस नावाचे मोफत साधन देते. त्याने इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह तयार करता येतो. माझ्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवर मी हेच केले. आधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली. वेगातला खरा फरक त्यानेच पडला. विंडोज १० चा वैध परवाना पुढे चालला, वायफायचे आणि स्क्रीनचे जुने ड्रायव्हरही चालले. मात्र अशा यंत्राला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असे कंपनी स्पष्ट सांगते. मला मासिक अपडेट मिळत आली आहेत, पण वर्षाची मोठी आवृत्ती हाताने घालावी लागते. ही सोय उद्या बंद झाली, तर तक्रारीला जागा नाही. म्हणून बँकेचे व्यवहार मी या यंत्रावर करत नाही.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. नव्वदीपासून मराठीतले असंख्य अंक, स्मरणिका आणि प्रबंध श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांतून पेजमेकरमध्ये जुळवले गेले. त्यातले बरेच मजकूर युनिकोडमध्ये नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसवून ते लिहिलेले आहेत. फॉन्ट काढून घेतला की पानभर निरर्थक रोमन अक्षरे उरतात. काही पॅकेजांना यूएसबी किंवा प्रिंटर पोर्टमध्ये लावायचे डाँगल लागते, आणि त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर नसेल तर नव्या प्रणालीवर पॅकेज उघडतच नाही. यंत्र वाचते, पण मजकूर जातो.

म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी मजकूर, मग यंत्र. जुने पॅकेज चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ काढावी. पान मुळात कसे दिसत होते, याचा तो पुरावा. फॉन्टच्या फाइलीही जपाव्यात. मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि पीडीएफ समोर ठेवून वाचावा. चुका ठरावीक जागी सापडतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘शिव’ मधली वेलांटी तिथे ‘श’च्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. ‘धर्म’ मधला रफार तिथे ‘म’नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ ‘म’च्या आधी. ही उलटापालट जिथे फसते, तिथे वेलांटी किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ खास तपासावेत. जुनी डिस्क पुसू नये. केसमध्ये घालून नाव-तारीख लिहून ठेवावी.

ज्यांना परवानगीचा झगडा नको, त्यांना लिनक्स आहे. तिथे मराठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक सहज चालतात. पण पेजमेकरची फाइल तिथेही आपोआप मराठी बोलू लागणार नाही.

लॅपटॉपचे आयुष्य किती, हे कंपनी ठरवते आणि थोडे आपणही लांबवू शकतो. पण त्यातला मजकूर आपला आहे. एखाद्या बंद पडलेल्या अंकाची एकमेव प्रत कुणाच्या तरी कपाटातल्या लॅपटॉपमध्ये असू शकते. या दिवाळीची साफसफाई करताना तो लॅपटॉप रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहावा, एवढीच विनंती.