पिंपावरील करतिकीट व वैजापूरची सीमा

वैजापूर तालुका १९४८ पर्यंत निजामी मुलखांत होता. शेजारचा नगर जिल्हा १९४७ पर्यंत इंग्रजी अमलांत. एकीकडे १३१६ फसलीचा, म्हणजे इ. स. १९०६-०७ चा, हैदराबाद आबकारी कायदा. दुसरीकडे १८७८ चा मुंबई आबकारी कायदा. मद्य एकच, कराचे धनी दोन. तेव्हां कर भरल्याची खूण कोठें असावी, हा प्रश्न अशा सीमेवर महत्त्वाचा ठरतो.

मुंबई इलाख्यांत मद्याच्या वाहतुकीस परवाना लागे. हा कागद मालापासून वेगळा. एकाच परवान्यावर दुसरा माल नेण्यास वाव होता. याचें निराळें उत्तर अमेरिकेंत सांपडतें. तेथें १८६२ सालीं बियरच्या ३१ गॅलनी पिंपास एक डॉलर कर बसला, आणि १८६६ पासून कराचें छापील तिकीट खुद्द पिंपाच्या छिद्रावर चिकटवूं लागले. तोटी ठोकतांच तिकीट फाटे; तें पुनः वापरतां येत नसे. ही पद्धत १९५१ पर्यंत चालली.

म्हणजे फाटकें तिकीट हें माल खपल्याची साक्ष देतें. परवाना मात्र केवळ परवानगीची. यास्तव वैजापूरकडील जुन्या दप्तरांत आबकारी परवाना आढळल्यास अभ्यासकांनीं तो दुकानाच्या हिशेबाशीं ताडून पाहावा, व फाटका तुकडाही रद्दी मानूं नये.