घरच्या संगणकाचा कारभारी

एकत्र कुटुंबांत तिजोरीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला असाव्यात, हा प्रश्न जुना आहे. घरांत संगणक आल्यापासून त्याला नवी शाखा फुटली आहे. संगणकाच्या कारभाऱ्यास यंत्राच्या भाषेंत 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणतात. नवा प्रोग्रॅम बसविणें, नवें खातें उघडणें, दुसऱ्याचा विसरलेला पासवर्ड बदलून देणें, हीं कामें त्याच्याच अधिकारांतलीं. बहुतेक घरांत असा कारभारी एकच असतो, आणि तो बहुधा एखादा तरुण मुलगा किंवा पुतण्या असतो. तो नोकरीनिमित्त दूरदेशीं गेला, कीं त्याच्या खात्यांत ठेवलेले लग्नकार्याचे फोटो, घराचे हिशेब, आजोबांनीं सांगितलेल्या आणि त्यानें उतरून घेतलेल्या आठवणी, सारें एका शब्दामागें कोंडून पडतें.

बहुतेकांच्या घरीं विंडोज असते, म्हणून तिच्यापुरतेंच लिहितों. पासवर्ड चुकला असें यंत्र सांगूं लागल्यास प्रथम कीबोर्ड पाहावा. कॅप्स लॉक चालू असेल, तर लहान अक्षरांचीं मोठीं होतात, आणि यंत्र तीं भिन्न मानतें. मराठी घरांत आणखी एक कारण संभवतें. कोणी पत्र लिहिण्यासाठीं मराठी कीबोर्ड निवडलेला असतो व तोच चालू राहतो. मग इंग्रजी शब्दाच्या जागीं देवनागरी अक्षरें पडतात आणि ठिपक्यांमुळें तीं दिसत नाहींत. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत खालीं भाषेची खूण असते, ती बदलावी. चौकटींतील डोळ्याच्या चिन्हावर दाबून धरल्यास लिहिलेलें वाचतांही येतें.

एवढ्यानें भागलें नाहीं, तर खातें कोणत्या जातीचें आहे हें ओळखलें पाहिजे. ईमेलच्या पत्त्यानें उघडलेलें मायक्रोसॉफ्टचें खातें असेल, तर दुसऱ्या यंत्रावरून किंवा फोनवरून नवा पासवर्ड घेतां येतो. नंतर संगणक इंटरनेटला जोडावा. एरव्हीं तो जुनाच शब्द मागत राहतो. खातें केवळ त्या यंत्रापुरतें असेल, तर आधीं दिलेल्या गुप्त प्रश्नांचीं उत्तरें तरी हवींत, नाहींतर दुसरा कारभारी हवा.

येथें एक जुनी विद्या अजून सांगितली जाते. २००१ सालच्या विंडोज एक्स्पीमध्यें 'ॲडमिनिस्ट्रेटर' नांवाचें एक लपलेलें खातें असे व घरगुती यंत्रांवर त्याचा पासवर्ड बहुधा कोराच असे. सेफ मोडमध्यें यंत्र चालू केलें, कीं तें दारांतच भेटे. २००७ सालच्या व्हिस्टापासून हें खातें बंदच ठेवलेलें येतें. तें उघडण्यासही कारभाऱ्याचाच अधिकार लागतो. म्हणजे किल्ली पेटींत आणि पेटी बंद!

मग दुरुस्तीवाला सहज म्हणतो, "फॉरमॅट करून टाकूं." त्यास तत्काळ होकार देऊं नये. यंत्र पुन्हां चालूं लागेल, पण फोटो जातील. डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून आधीं सर्व उतरून घेतां येतें. मात्र पुष्कळशा नव्या यंत्रांत ती कुलूपबंद असते, आणि तिला ४८ अंकांची किल्ली लागते. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत सांठविलेली असते. ती तेथून उतरून आणल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

आमच्या मतें प्रत्येक घरांत दोन कारभारी असावेत. दुसरा निवडतांना कोणास अधिक कळतें हें पाहूं नये. घरांत नित्य कोण असतें हें पाहावें. बहुधा ती गृहिणीच निघेल. रोजचें काम मात्र सर्वांनीं, कारभाऱ्यांनींही, साध्या खात्यावरूनच करावें. पासवर्ड व ते ४८ अंक कागदावर लिहून विम्याच्या कागदांशेजारीं ठेवावेत. कागदावर लिहिणें कांहीं जाणत्यांस रुचत नाहीं. पण घरच्या कपाटांतल्या चोरीपेक्षां विसरच आम्हांस अधिक संभवनीय वाटतो. दुसरें खातें उघडल्यावर पहिला कारभारी घरीं असतांनाच त्यावरून एकदां आंत जाऊन पाहावें.