काव्याचा रस आणि कवीचा सत्कार

ज्याचे वर्तन आपणांस निंद्य वाटते, त्याच्या कलेत रमावे काय, हा प्रश्न बारामतीला नवा नाही. मोरोपंतांच्या हयातीतच तो तेथे उभा राहिला होता. सोलापूरच्या ब्राह्मण घराण्यातला राम जोशी तमाशात शिरला, लावण्या रचू लागला, आणि थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले. त्याच्या विलासाच्या व उधळपट्टीच्या कथा सर्वश्रुत आहेत. परंपरा सांगते की, पंतांनी त्याची रचना ऐकून मुक्तकंठाने दाद दिली आणि ही वाणी कीर्तनाकडे वळवण्याचा उपदेश केला. पुढे राम जोशी कीर्तनकार झाला व पंतांच्या आर्या त्याने गावोगाव नेल्या.

या कथेतील पंतांचा विवेक लक्षात घेण्याजोगा आहे. वर्तन रुचले नाही म्हणून त्यांनी रचना हीन ठरवली नाही. रचना आवडली म्हणून वर्तनावर पांघरूणही घातले नाही.

अर्थात निंद्य कशाला म्हणावे, हेही काळागणिक बदलते. ब्राह्मणाने तमाशात जाणे हा त्या काळचा अपराध; आज त्यात कोणास पाप दिसत नाही. उलट आपल्याला खटकणाऱ्या गोष्टी त्या काळाला सहज वाटत. पंतांचे आश्रयदाते बाबूजी नाईक हे पेशव्यांनाही कर्ज देणारे सावकार. नाईक घराण्याच्या आश्रयाने पंतांनी १७९४ साली मृत्यू येईपर्यंत, सुमारे चार दशके, काव्यसाधना केली. पुढे १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्यांनी कर्जखते व वह्या जाळल्या. इंदापूर भागातही त्या दंग्यांची झळ पोचली. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. नाईकांची दरबारी सावकारी आणि सुप्याची गावसावकारी एक नव्हे, हे खरे. पण दरबारचे कर्जही अखेर रयतेच्या साऱ्यातूनच फिटावयाचे.

म्हणून 'केकावली' बाजूला ठेवावी काय? अर्थशास्त्राचा अध्यापक येथे एक साधा प्रश्न विचारील : आपल्या रसास्वादाने कोणाच्या पदरात काय पडते? ती वाचल्याने नाईकांच्या पेढीत एक पैही जमा होत नाही आणि कोणा कुळाचे कर्ज वाढत नाही. काव्य कोणाच्या पैशावर उभे राहिले, हे वर्गात अवश्य सांगावे. काव्य मात्र वाचावे.

हयात कलावंताचा हिशेब वेगळा असतो. इंदापूरकडील एखाद्या गावची यात्रा समिती तमाशाच्या फडाला सुपारी देते, तेव्हा ती केवळ एका रात्रीची करमणूक विकत घेत नाही. उचल देऊन कलावंतांना बांधून घेणाऱ्या फडमालकाचे बळही वाढवते. तो मालक स्त्री कलावंतांना छळत असेल, तर आपला पैसा त्या छळाचे भांडवल होतो. तेथे प्रश्न रसिकतेचा उरत नाही, आश्रयाचा होतो. 'कला वेगळी, माणूस वेगळा' हे वचन अशा वेळी फार सोयीचे पडते.

आणखी एक पक्ष असतो : ज्यांना इजा पोचली त्यांचा. जर्मन संगीतकार वाग्नर याने १८५० साली ज्यूंविरुद्ध विखारी निबंध लिहिला. पुढे नाझींनी त्याचे संगीत डोक्यावर घेतले. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी १९८१ साली तेल अवीव येथे कार्यक्रमाच्या शेवटी त्याची रचना वाजवण्याचे ठरवले, तेव्हा ज्यांना ती ऐकावयाची नसेल त्यांनी खुशाल जावे, असे त्यांनी आधी सांगितले. तरीही सभागृहात क्षोभ उसळलाच. छळछावण्यांतून वाचलेल्यांना ते सूर सोसवत नाहीत, यात त्यांची अरसिकता नाही. ज्याने घाव सोसला त्याला 'विसरा आणि ऐका' असे सांगण्याचा अधिकार, घाव न सोसलेल्या रसिकाला नाही.

आपल्या शाळा-महाविद्यालयांपुढे हा प्रश्न दरवर्षी दोन ठिकाणी येतो : अभ्यासक्रमात आणि स्नेहसंमेलनात. पाठ्यपुस्तकातली कविता कवीच्या चारित्र्यासाठी गाळू नये. तिच्यासोबत त्याचे चरित्रही लपवू नये. मात्र प्रमुख पाहुणा निवडताना त्याची कीर्ती पुरेशी मानू नये. हारतुरे, मानधन आणि विद्यार्थ्यांसमोरचे उच्चासन हे सारे माणसाला मिळते, कवितेला नव्हे. ते नाकारल्याने कवितेचे काहीच बिघडत नाही.