संक्रांत ते रथसप्तमी : बाळगोपाळांचा उन्हातला उत्सव

औंधच्या मूळपीठाच्या डोंगरावरून सकाळचे ऊन हळूहळू गावात उतरू लागले, की थंडीने आखडलेली अंगणे जागी होतात. खटाव-माणच्या या कोरड्या मुलखात पौषातली पहाट बोचरी असली, तरी दिवस लख्ख उन्हाचा असतो. याच काळात मकरसंक्रांत येते आणि तेथून माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत, घरोघरी हळदीकुंकू व लहानग्यांचे बोरन्हाण यांची धांदल असते.

धर्मशास्त्रातील सोळा संस्कारांत बोरन्हाण नाही. तो लोकाचार आहे. परंतु लोकाचारातही शहाणपण असते. काळे झबले व हलव्याचे दागिने घालून बाळाला पाटावर बसवावे, औक्षण करावे आणि बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे यांनी त्याला न्हाऊ घालावे, अशी ही रीत. सोहळा एका बाळाचा, पण लूट आळीतील सर्व मुलांची! वाकणे, वेचणे, ओंजळ भरणे आणि हाती आलेले दुसऱ्यास देणे, इतके शिक्षण दोन-तीन वर्षांच्या मुलास येथे खेळता खेळता मिळते.

सांप्रत मात्र चित्र पालटत आहे. बाळाभोवती मुलांऐवजी मोबाईल धरलेल्या मोठ्या माणसांचे कडे असते. बाळ रडू लागले, की त्याला गप्प करण्यासाठी तोच मोबाईल त्याच्या हाती दिला जातो. हळदीकुंकवास आलेल्या भगिनींची मुलेही एका कोपऱ्यात पडद्याकडे टक लावून बसलेली आम्ही पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांखालील मुलांस पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी तासाहून अधिक नको, आणि त्याहून कमी असेल तितके बरे. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान ३ तास हालचाल व्हावी, असेही तिचे सांगणे आहे.

ही हालचाल घडावी कशी? औंधकरांस त्याचे उत्तर दूर शोधावयास नको. संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्कार शाळांतून रुजविले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले आणि येथील श्रीभवानी संग्रहालय १९३८ साली उभे राहिले. शरीर उन्हात हलावे आणि कथा चित्रातून डोळ्यांपुढे उभी राहावी, हे दोन्ही धागे बालकांसाठी आजही उपयोगी आहेत.

म्हणून आमची विनंती अशी. या दिवसांत आळीतील आठ-दहा मुले सकाळी ऊन वर आल्यावर एका अंगणात जमवावी. आजी-आजोबांनी मध्ये उभे राहून सूर्यास हात जोडावे, वाकावे, उठावे. मुले आपोआप अनुकरण करतील. त्यांच्याकडून नमस्कारांची संख्या मोजून घेऊ नये. मग टाळ्यांच्या ठेक्यावर नामघोष करीत फेर धरावा. शेवटी रामायणातील एखादे मोठे चित्र समोर ठेवून कथा सांगावी. आम्हां कीर्तनकारांस ठाऊक आहे, की मुलाने मध्येच प्रश्न विचारला म्हणजे कथेत रंग भरतो. चित्र त्या प्रश्नासाठी थांबते. धावता पडदा थांबत नाही.

रथसप्तमीस मुलांच्या हाती रांगोळी द्यावी व सूर्याच्या रथाचे सात घोडे त्यांच्याकडून मोजवून घ्यावे. तुळशीपुढे दूध उतू जाताना त्यांना विस्तवापासून दूर, पण दिसेल असे बसवावे. या दिवशी स्नानास रुईची सात पाने घेण्याची चाल आहे. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने बालकांस ती पाने लावू नयेत.

बोरन्हाणातही एक दक्षता हवी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हलव्याचे दाणे, आठळीसकट बोर या वस्तू पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात. त्यांच्या डोक्यावरून चुरमुरे व फुले ओतावी, आणि खावयास बोराचा गर काढून द्यावा. बाकीचा खाऊ मोठ्या मुलांनी वेचावा. अंगणवाडीतील आणि ज्यांच्या घरी हा सोहळा होत नाही अशा मुलांनाही अगत्याने बोलवावे. छायाचित्र एक काढावे व मोबाईल फडताळात ठेवून द्यावा.

देवाचा उत्सव मुलांच्या अंगी लागतो तो त्यात खेळल्याने, नुसते पाहिल्याने नव्हे. आई यमाई सर्व बाळगोपाळांस उदंड आयुष्य व आरोग्य देवो, हीच प्रार्थना. तिळगूळ घ्या, गोड बोला!