रंग उशिरा आला

रेम्ब्राँ मला पहिल्यांदा भेटला तो काळापांढरा. साल १९७१. साताऱ्याच्या वाचनालयातलं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी न्यायला मिळत नसे. इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी करणारा मी, रोज संध्याकाळी तिथेच बसून पेन्सिलीने त्यातले चेहरे उतरवायचो. छपाईत रंग नव्हता याचं तेव्हा फार वाईट वाटे. पण उजेड कपाळावर कुठे थांबतो, नाकाच्या कडेला कसा विरतो, हे मी त्या छपाईतच शिकलो.

मुंबईत आल्यावर फुटपाथवर अँड्र्यू लूमिसचं १९४३ सालचं फिगर ड्रॉइंगचं पुस्तक मिळालं. दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे गेले, पण माणसाचा तोल पक्का झाला.

तैलरंगासाठी मात्र सर भेटावे लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं पॅलेट पाहिलं. चौदा रंग होते. नाइफने दहा खरवडून काढले आणि ठेवले पांढरा, यलो ऑकर, लाइट रेड, काळा. म्हणाले, "वर्षभर एवढ्यातच कर." मी आजीला बसवलं होतं, तिची साडी निळी. निळा कुठून आणू? सरांनी काळ्यात पांढरा कालवला आणि तो करडा लालसर कातडीच्या शेजारी लावला. डोळे बारीक करून पाहिलं, तर साडी निळी! तो क्षण मी आजही विसरलेलो नाही.

तेच चित्र तीन वर्षांत तडकलं. चूक माझीच. खालच्या थरात भरपूर तेल ओतलं होतं आणि वर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग फिरवला होता. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत ते सावकाश घट्ट होतं. वरचा थर आधी आवळला, खालचा हलत राहिला. खाली तेल कमी, वर जास्त, हे सरांनी सांगितलं होतं. वहीत तारखेसकट लिहिलेलंही होतं.

औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत. तिथे मी दरवर्षी जातो. बाजूने, तिरक्या उजेडात पाहिलं की रंगाचे थर दिसतात. कुठल्याच पुस्तकात ते दिसले नव्हते. माझ्या शिक्षणातली उणीव मला तिथे कळली, आणि त्याचा आनंदच झाला.

सर आता नाहीत. सत्तरीच्या उंबरठ्यावर आजीला पुन्हा रंगवायला घेतलंय, चौथ्यांदा. खालचा थर बर्न्ट अंबरचा, अगदी पातळ. त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. आज चेहऱ्याला हात लावला. साडी अजून बाकी आहे. निळ्याची ट्यूब डब्यातच आहे.