मोटरच्या सायकलला पुढचा डिस्क ब्रेक

मागच्या वेळी आपण सायकलला मोटर बसवण्याबद्दल बोललो. त्यावर एका गटातल्या ताईंनी फोन करून विचारलं, "सायकल पळते छान, पण थांबत का नाही हो?" आज त्यावरच बोलू.

मी जुहूला राहते, सायकलवरून डबे पोहोचवते. आमचा जुहू तारा रस्ता सपाट, मोटरला कसला त्रास नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी भुरभुर पावसात पुढची रिक्षा एकदम थांबली. मी दोन्ही ब्रेक दाबले, पण रबर ओल्या लोखंडी रिमवर नुसतं सरकत राहिलं. सायकल कडेच्या चिखलात घातली म्हणून वाचले. डबे मात्र सगळे सांडले.

कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की तो जिरवायला चौपट जोर लागतो. पायाने आपण ताशी १२ किलोमीटरने जातो, मोटरने २५ ने. ब्रेक मात्र जुनेच. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आत वेग असेल, तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पण त्याच नियमात योग्य ब्रेक हवेत असंही लिहिलंय. तेवढं आपण वाचत नाही!

"पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर पडतो," असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. एसटीने ब्रेक मारला की उभी माणसं पुढे झुकतात ना? तसाच सायकलचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरा थांबवतो तो पुढचाच ब्रेक. एकदम नाही, हळूहळू आणि मागच्यासोबत दाबायचा.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मधोमध, म्हणजे हबला, पातळ पोलादी चकती असते. दोन लायनर तिला चिमटीत धरतात. चकती रस्त्यापासून उंच असल्याने चिखल-पाण्यातही पकड राहते. सायकलला बहुधा १६० मिलिमीटरची चकती पुरते. तेलाचा ब्रेक घेऊ नका, तारेचा घ्या. तार तुटली तर गावात कुणीही बदलून देईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चिमटा. साध्या काळ्या सायकलच्या चिमट्याला कॅलिपर बसवायची जागाच नसते. एका दुकानदाराने मला पट्टी आवळून "होऊन जाईल" म्हटलं होतं. नाही होत. ब्रेकचा सगळा जोर चिमट्याच्या डाव्या पायावर एकाच जागी येतो. पट्टी फिरते, पाय वाकतो. डिस्कसाठी बनवलेला चिमटाच घ्या. पैसे कमी असतील तर थांबा, पण इथे काटकसर नको.

हबलाही चकतीसाठी सहा भोकं हवीत. मोटर पुढच्या चाकात असेल तर मोटरच भोकांची घ्यावी लागते, आणि तिचं पोट कॅलिपरला घासत नाही ना, हे विकत घेण्याआधी लावून बघा. मोटर मागे असेल तर काम सोपं, फक्त पुढचं चाक बदलायचं. दोन्हीकडे चाकाच्या तारा एकमेकींना ओलांडून गेलेल्या हव्यात. सरळ उभ्या तारा हा पीळ सोसत नाहीत.

बसवताना चकतीवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला ठेवा. सहा स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा, भांड्याचं झाकण सगळीकडून बसवतो तसे. मग चाक लावा. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल ठेवून ब्रेक घट्ट दाबून धरा, आणि दाबलेला असतानाच ते आवळा. कॅलिपर आपोआप मधोमध येतो. चाक फिरवून बघा. घासल्याचा आवाज आला तर पुन्हा करा. मला तीनदा करावं लागलं.

ब्रेक दाबला की चाकाचा एक्सल खाचेतून खाली निसटू बघतो, आणि पुढची मोटर त्याला फिरवू बघते. म्हणून नट पक्के हवेत, आणि मोटरच्या एक्सलला चिमट्याशी बांधणारी लोखंडी पट्टी, टॉर्क आर्म, हवीच. ब्रेकच्या मुठीत मोटर बंद करणारं बटण असतं, त्याची वायरही जोडून घ्या.

आमच्या जुहूला एसएनडीटीच्या आवारात १९९७ पासून मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तेव्हा पाना हातात घेतला म्हणून कुणी हसलं, तर हसू द्या.

चकतीला तेलाचा हात लावू नका. स्पिरिटने पुसा. नवे लायनर आधी धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन वीसेक वेळा हळू दाबत वेग कमी करा, मग पकड येते. लायनरचा थर एक मिलिमीटरवर आला की बदला. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजतात, तुमच्याकडे धूळ बसेल, तेव्हा आठवड्याला एकदा नट तपासा. आणि फिरत्या चाकाजवळ मुलांना येऊ देऊ नका. चकतीच्या भोकात बोट गेलं तर तुटतं, आणि उतारानंतर ती तव्यासारखी तापलेली असते.